पेशी कमी झाल्या म्हणजे काय? अंगावरचे निळे डाग, रिपोर्टमधला आकडा आणि दवाखाना गाठायची वेळ

"पांढऱ्या पेशी वीस हजारावर आल्यात, आता चढवायला लागणार म्हणे." पाऊस सुरू झाला की खानापूर, बेळगाव, निपाणी, कुठंही हे वाक्य कानावर पडतं. या एका वाक्यात दोन घोटाळे आहेत. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि त्यांचा नेहमीचा आकडा साधारण 4,000 ते 11,000 असतो. त्या वीस हजार झाल्या तर कमी नव्हे, जास्त झाल्या. लोकांना म्हणायचं असतं ते प्लेटलेटबद्दल. दुसरा घोटाळा असा की वीस हजार प्लेटलेट म्हणजे लगेच पिशवी चढवायची, असं काही नसतं. कधी चढवावी लागते, कधी अजिबात लागत नाही, आणि कधी ऐंशी हजार असूनही माणूस धोक्यात असतो. म्हणून आकडा वाचता आला पाहिजे आणि त्याहून जास्त माणूस वाचता आला पाहिजे.

आधी एवढं समजून घ्या

उसाच्या शेतात पाट फुटला की काय करतो? आधी मोठी ढेकळं भगदाडात टाकतो, मग चिखलानं लिंपतो. रक्तवाहिनीला बारीक भोक पडलं की पहिली ढेकळं म्हणून प्लेटलेट जाऊन बसतात. चिखलाचं काम रक्त गोठवणारी प्रथिनं करतात. ढेकळं कमी पडली तर बारीक बारीक झिरपा सुरू होतो: कातडीवर ठिपके, हिरड्यांतून रक्त, नाकाचा घोळणा फुटणं, पाळीत जास्त जाणं. चिखल कमी पडला तर रक्त खोलवर साठतं: गुडघा सुजतो, मांडीच्या स्नायूत गोळा होतो. हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजारात, हे दुसऱ्या तऱ्हेचं होतं आणि तिथं प्लेटलेटचा आकडा चांगला असतो. डॉक्टर "रक्त नेमकं कुठून येतं" असं खोदून विचारतात ते यासाठी.

प्लेटलेट हाडांच्या मज्जेत तयार होतात, सात ते दहा दिवस जगतात, आणि एका वेळी सुमारे एक तृतीयांश प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, थांबलेल्या असतात. आकडा घसरायच्या वाटा तीनच. मज्जेतून माल येत नाही, आलेला माल रक्तात नासतो, किंवा पाणथरी फुगून सगळा अडवून ठेवते. पुढची प्रत्येक तपासणी यातली कुठली वाट आहे ते शोधण्यासाठी असते.

पहिली पायरी: डाग नीट बघा

उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली सावळ्या कातडीवर बारीक ठिपके दिसतच नाहीत, सकाळी दाराशी किंवा खिडकीपाशी बसवा.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. पायाचे घोटे आणि नडग्या, कारण उभ्यानं रक्ताचा दाब तिथं जास्त. मोज्याचं इलॅस्टिक, परकराची नाडी, घड्याळाचा पट्टा, बीपीचा पट्टा जिथं आवळतो ती जागा. तोंड उघडायला लावून टाळू, गालाची आतली बाजू आणि खालचा ओठ उलटा करून आतून. डोळ्याचा पांढरा भाग. रंग गडद असेल तर तोंडातल्या खुणाच जास्त भरवशाच्या.

आता काच घ्या. स्वच्छ, पारदर्शक पेला ठिपक्यावर दाबून आरपार बघा. पित्ताच्या गांधी, घामोळं, साधा पुरळ दाबल्यावर फिका पडतो. टाचणीच्या डोक्याएवढा लाल-जांभळा ठिपका काचेखालीही तसाच राहिला, तर तो कातडीखाली झिरपलेलं रक्त आहे. त्याला खाज नसते, हाताला उंचवटा लागत नाही. उंचवटा लागणारे, नडग्यांवर दाटीनं आलेले जांभळे ठिपके आणि जोडीला पोटात कळा, सांधे दुखणं असेल तर बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांना सूज आलेली असते. त्यात प्लेटलेट भरपूर असतात. तेही दाखवायचं, पण दुखणं वेगळं.

डेंग्यूचा पुरळ मात्र फसवतो. सुरुवातीला अंग नुसतं लालसर होतं आणि दाबल्यावर फिकं पडतं. खरे रक्ताचे ठिपके त्यात मागाहून मिसळतात.

मोठ्या निळ्या डागांचं काय? खेळत्या पोराच्या नडगीवर चार निळे डाग असणारच. सत्तरीच्या आजोबांच्या मनगटामागं जांभळे पट्टे येतात, कारण कातडी कागदासारखी झालेली असते. बायकांच्या मांडीवर कधी लागलं ते न आठवणारा एखादा डागही बहुतेक वेळा निरुपद्रवी. शंका यावी ती अशा ठिकाणी: पाठ, पोट, छाती, कान, जिथं सहसा लागत नाही. मार न लागता आठवड्यात पाच-सहा नवे डाग. बंद्या रुपयाहून मोठा आणि मधे गाठ लागणारा डाग. अजून न रांगणाऱ्या बाळाच्या अंगावरचा कुठलाही निळा डाग, मग घरचे काहीही कारण सांगोत.

डाग दिसला की पेनानं कडेनं रेघ मारा, तारीख टाका, मोबाइलवर फोटो काढा. उद्या तो रेघेबाहेर गेला का, शेजारी नवे आले का, हे डोळ्यांपेक्षा फोटो चांगलं सांगतो.

दुसरी पायरी: सीबीसी करा, आणि कागद स्वतः वाचा

तपासणीचं नाव सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी. उपाशी राहायची गरज नाही. दंडाच्या शिरेतून रक्त घेऊन जांभळ्या झाकणाच्या नळीत घालतात. सांगताना "सीबीसी आणि स्मिअर" असं सांगा. स्मिअर म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून माणसानं सूक्ष्मदर्शकातून बघणं.

स्मिअर का? जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं, त्यानं काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. यंत्र गठ्ठ्याला एक धरतं किंवा धरतच नाही. माणूस धडधाकट, एकही डाग नाही, आणि रिपोर्टमध्ये 35,000! अशा वेळी घाबरून गाडी काढायच्या आधी स्मिअर बघायला सांगा. गठ्ठे दिसले तर निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतात. त्या नळीत पातळ करणारा द्रव असतो म्हणून येणाऱ्या आकड्याला 1.1 नं गुणतात. नुसत्या या गठ्ठ्यांपायी लोक ॲडमिट झालेले आहेत.

आता आकडा. प्रौढांत आणि मुलांत साधारण 1.5 ते 4.5 लाख, प्रत्येक मायक्रोलिटरला. घोळ होतो तो लिहिण्याच्या पद्धतीमुळे. एक लॅब "0.85 लाख" लिहिते, दुसरी "85" लिहून पुढं "हजार" कोपऱ्यात बारीक छापते, तिसरी सरळ 85,000 लिहिते. तिन्ही एकच. "1.2" बघून बारा हजार समजणारे आणि "85" बघून हबकणारे दोघंही भेटतात. म्हणून आकड्याशेजारचं एकक आणि त्यापुढची नेहमीची मर्यादा बघूनच फोन फिरवा.

एकाच लॅबमध्ये तपासा. सकाळी एका ठिकाणी 45,000 आणि संध्याकाळी दुसरीकडं 38,000 आल्या, तर त्या घसरल्याच असं नाही. एवढा फरक यंत्रायंत्रात पडतो.

प्लेटलेटच्या वर-खालच्या दोन ओळीही वाचा. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी ठीक असून फक्त प्लेटलेट कमी, ही एक गोष्ट. तिन्ही कमी, किंवा पांढऱ्या पेशी भलत्याच जास्त आणि शेऱ्यात "ब्लास्ट" (कच्च्या पेशी) हा शब्द, ही फार वेगळी गोष्ट. ती मज्जेच्या आजाराकडं, रक्ताच्या कर्करोगाकडं बोट दाखवते. तिथं पुढच्या आठवड्यात नव्हे, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं.

तिसरी पायरी: आकडा किती घाबरवणारा?

एक लाखाच्या वर असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर पुन्हा तपासून बघायचं. पन्नास हजारांच्या वर आपणहून रक्तस्राव होणं विरळा. ऑपरेशन किंवा अपघात झाला तरच अडचण. वीस ते पन्नास हजारांत सहज निळे डाग पडतात, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. वीसच्या खाली जपून राहायचं, आणि दहा हजारांच्या खाली मेंदूत किंवा पोटात आपणहून रक्तस्राव होण्याची भीती खरी.

पण हा तक्ता एकटा वापरू नका. इकोस्प्रिन (हृदयासाठी देतात ती ॲस्पिरिनची गोळी) चालू असलेल्या माणसाच्या प्लेटलेट दोन लाख असूनही नीट काम करत नाहीत. किडनी निकामी असेल तरी तसंच. उलट आयटीपी नावाच्या आजारात (पुढं येतो) पंधरा हजारांवर माणसं कामावर जातात. एका दिवसात दीड लाखावरून साठ हजार होणं हे महिनाभर चाळीसवर थांबून राहण्यापेक्षा जास्त काळजीचं.

चौथी पायरी: ताप आहे का?

आपल्या भागात प्लेटलेट कमी होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण ताप. आणि तापात सगळे डेंग्यूच म्हणतात, तिथं गफलत होते.

भातलावणीत अनवाणी चिखलात राबलेल्या माणसाला ताप, पिंडऱ्या दाबल्या तर कळ, डोळे लाल आणि लघवी कमी असेल तर लेप्टोस्पायरोसिस मनात आणावा. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली विडीच्या चटक्यासारखी काळी खपली असेल तर स्क्रब टायफस. खपली दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही, कपडे काढून शोधावी लागते. थंडी वाजून ताप असेल तर मलेरिया. या तिन्हींना नेमकी औषधं आहेत आणि वेळेत मिळाली तर प्लेटलेट आपोआप चढतात. "डेंग्यू आहे, औषध नसतं" म्हणून चार दिवस घालवले तर तेच जिवावर बेततं.

चौथा माकडताप. 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. पुढं उत्तर कन्नड, गोव्यातली सत्तरी, सिंधुदुर्गातलं दोडामार्ग असा सह्याद्रीच्या कडेनं तो आढळलेला आहे. तो डासांनी नव्हे, गोचिडीनं पसरतो, आणि हंगाम पावसाळ्याचा नसून साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. काजूच्या बागेत, जंगलात काम करून आलेल्या माणसाला जानेवारी ते मेमध्ये कडक ताप आला, किंवा रानात माकडं मेलेली दिसली असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

डेंग्यूची तपासणी कुठल्या दिवशी केली यावर खरी-खोटी ठरते. पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (रक्तात विषाणूचा अंश शोधणारी), पाचव्या दिवसानंतर आयजीएम (शरीरानं विषाणूविरुद्ध केलेली प्रतिद्रव्यं शोधणारी). दुसऱ्या दिवशी आयजीएम करून "निगेटिव्ह" आलं तर त्याला फारसा अर्थ नाही. तापाचा पहिला दिवस कुठला हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो आणि घरात प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

डेंग्यूत खरी गोम कुठं आहे

ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, आणि डेंग्यूत धोका सुरू होतो तो तेव्हाच. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असताना, रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं आणि उरलेलं रक्त दाट होतं. हा काळ 24 ते 48 तासांचा. डेंग्यूत माणसं दगावतात ती बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्यानं नव्हे, या पाझरण्यानं बीपी कोसळून.

म्हणून रिपोर्टमधली दुसरी ओळ बघा: पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के. रक्त दाट झालं की तो वाढतो. समजा तिसऱ्या दिवशी प्लेटलेट 1.4 लाख आणि पीसीव्ही 38 होता. पाचव्या दिवशी प्लेटलेट 62,000 आणि पीसीव्ही 46. घरात सगळे 62 हजारांवरच बोलत बसतात. खरं तर 38 वरून 46 म्हणजे 20 टक्क्यांहून जास्त वाढ, ती धोक्याची घंटा. याला सलाइन मोजून द्यावं लागतं, तेही नजरेखाली. घरी किंवा गावातल्या खाटेवर धडाधड बाटल्या लावणं तितकंच वाईट, कारण पाझरलेलं पाणी परत फिरलं की फुप्फुसांत भरतं.

घरी ठेवता येण्यासारखा रुग्ण असेल तर दिवसातून एकदा सीबीसी पुरे. चार-चार तासांनी आकडे मागवून फक्त झोप उडते. सुधारतानाही आधी पांढऱ्या पेशी चढतात, प्लेटलेट एखाद-दोन दिवस मागं राहतात.

प्यायला सतत द्या. मोठ्या माणसाला दिवसाला दोन ते अडीच लिटर: ओआरएस, तांदळाची पेज, आंबील, ताक, शहाळं. नुसतं पाणी नको. बिटाचा रस, लाल सरबत, कोकम या दिवसांत टाळा, कारण उलटी लाल झाली तर ती रक्ताची की सरबताची ते कळत नाही. दर चार-सहा तासांनी लघवी होते का बघा. लघवी थांबणं ही ताप वाढण्यापेक्षा वाईट खूण.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. प्रौढांना 500 किंवा 650 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर डोस डॉक्टरांना विचारूनच. मुलांना वजनाच्या किलोमागं 10 ते 15 मिलिग्रॅम. इथं चूक होते ती बाटलीत. सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचं मिळतं आणि 250 चंही. 12 किलोच्या पोराला 120 ते 180 मिलिग्रॅम लागतं. म्हणजे पहिल्या बाटलीतलं 5 ते 7.5 मिली, दुसऱ्या बाटलीतलं जेमतेम 2.4 ते 3.6 मिली. शेजारणीनं सांगितलेलं "दीड चमचा" दुसऱ्या बाटलीतून दिलं तर दुप्पट डोस जातो. बाटलीवरचा आकडा वाचा आणि मापाच्या टोपणानं किंवा सिरिंजनं मोजा.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं नकोत. ब्रूफेन, कॉम्बिफ्लॅम, मेफ्टाल, डिस्प्रिन या नावांत तीच दडलेली असतात. दंडात किंवा कमरेवर तापाचं इंजेक्शनही नको, प्लेटलेट कमी असताना तिथं रक्ताचा गोळा होतो. मात्र हृदयात स्टेंट असलेल्यानं इकोस्प्रिन स्वतःच्या मनानं बंद करू नये, ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

पपईच्या पानांचा रस? काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर चढल्याचं दिसलं. त्यानं रक्तस्राव टळतो किंवा जीव वाचतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि कडू रसानं उलट्या झाल्या तर पाणी कमी पडून नुकसान नक्की. किवी खायचं तर खा, फळ म्हणून. पावसाळ्यात त्याचा भाव ऐकून मात्र घाम फुटतो. बकरीचं दूध कच्चं पाजू नका. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, आणि त्या तापातही प्लेटलेट कमी होऊ शकतात.

पाचवी पायरी: ताप नाही, तरी पेशी कमी

मूल परवापर्यंत सर्दी-तापानं आजारी होतं, बरं झालं, आणि एक-तीन आठवड्यांनी अंगभर ठिपके. खेळतंय, खातंय, आकडा मात्र दहा-पंधरा हजार. हे चित्र बहुधा आयटीपीचं: शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट मारते. मुलांत बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप बरं होतं. फक्त कातडीवर ठिपके असतील तर कित्येकदा डॉक्टर औषधच देत नाहीत, नुसती नजर ठेवतात. "काहीच करत नाहीत" म्हणून दवाखाना बदलू नका. इथं बाहेरून प्लेटलेट चढवून उपयोग होत नाही, त्याही तशाच मारल्या जातात. मोठ्यांत हा आजार रेंगाळतो. स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, त्या बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत.

शाकाहारी घरात, पायाला मुंग्या, जीभ गुळगुळीत लाल, रिपोर्टमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) 100 च्या वर असेल तर बी-12 ची कमतरता शोधा. इंजेक्शनांवर आकडा सुंदर चढतो. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याचं पोट फुगलेलं, पाय सुजलेले आणि प्लेटलेट 70,000 असतील तर दोष यकृताचा आणि फुगलेल्या पाणथरीचा. नवीन सुरू झालेलं औषध असेल तर त्याची पट्टी डॉक्टरांसमोर ठेवा. व्हॅल्प्रोएट, सल्फा, लिनेझोलिड, क्विनीन, हिपॅरिन ही त्यातली ओळखीची नावं. गावठी पुडीतलं "संधिवाताचं औषध" चालू असेल तर तेही न लाजता सांगा.

गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत आकडा थोडा उतरतो, एक लाखाच्या वर असेल तर सहसा चिंता नसते. एक लाखाच्या खाली, किंवा जोडीला बीपी वाढलेलं, डोकं दुखतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं नोंदीचं कार्ड) घेऊन त्याच दिवशी जायचं.

आणि ऊसतोडीच्या दिवसांत एक लक्षात ठेवा. घोणस किंवा फुरसं चावलं की हिरड्यांतून, जुन्या जखमेतून रक्त सुरू होतं. तिथं प्लेटलेट नव्हे, सर्पविषावरची लस लागते. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, अवयव हलू न देता थेट दवाखान्यात. कुणी उंदराचं औषध खाल्लं असेल तर रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो आणि प्लेटलेट साफ चांगल्या येतात. सीबीसी चांगली म्हणून घरी न पाठवता पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, मागायची.

आता, आत्ता निघायचं ते कधी

सकाळची वाट न बघता निघा: कमी प्लेटलेट असलेल्याला अचानक जोराची डोकेदुखी, झटका, बरळणं, गुंगी, एका बाजूची ताकद जाणं, किंवा डोक्याला मार, मग तो क्षुल्लक का असेना. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास (लोहाच्या गोळ्यांनी नुसती काळी होते, चिकट होत नाही). लाल लघवी. तोंडात रक्ताचे फुगे. तासाला एक पॅड भिजणं. तापात पोटात सतत दुखणं, दिवसात तीनदा किंवा जास्त उलट्या, हातपाय गार, मूल मलूल किंवा अतोनात किरकिरं.

नाकातून रक्त आलं तर डोकं मागं टाकू नका आणि कांदा हुंगवू नका. पुढं वाकून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून पंधरा मिनिटं सोडू नका. मधे "थांबलं का" म्हणून सोडून बघितलं की पहिल्यापासून सुरुवात. दोनदा करून थांबलं नाही तर निघा.

त्याच दिवशी, पण धावपळ न करता दाखवायचं ते: नवे ठिपके, ब्रश न करताही येणारं हिरड्यांचं रक्त, पन्नास हजारांच्या खालचा कुठलाही नवा आकडा, आणि डागांबरोबर वजन घटणं, रात्री घाम, मानेत-काखेत गाठी. नुसता एक लाख वीस हजार आला आणि तब्येत ठणठणीत असेल तर आठवड्यानं पुन्हा सीबीसी.

कुठं जायचं, बरोबर काय न्यायचं

पहिली सीबीसी तालुक्यालाही होते. अडतं ते पुढं, कारण प्लेटलेट सगळीकडं मिळत नाहीत. त्या 20 ते 24 अंशांत, सतत हलत्या यंत्रावर ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत वापराव्या लागतात. फ्रीजमधल्या रक्तासारख्या साठवता येत नाहीत. म्हणून आकडा झपाट्यानं पडत असेल तर रात्र होण्याआधी हलवा. खानापूरकरांना बेळगाव 25 किलोमीटरच्या आसपास, निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज. बेळगावात सरकारी म्हणजे सिव्हिल, बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय. कर्नाटकात 108 ला रुग्णवाहिका, 104 ला आरोग्य सल्ला. हद्द ओलांडून महाराष्ट्रात जाणार असाल तर आयुष्मान-आरोग्य कर्नाटक कार्ड तिथं या उपचाराला चालेल का हे निघण्याआधी फोनवर विचारा. भरती झाल्यावर कळलं तर वादाला वेळ नसतो.

समोरचा कर्मचारी कन्नड बोलणारा निघाला तरी अडू नका. ज्वर आणि रक्त हे दोन शब्द तिकडंही तेच आहेत, बाकी बोटानं दाखवलं की भागतं.

पिशवीत आधीचे सगळे रिपोर्ट तारखेनं लावून, चालू औषधांच्या पट्ट्या, डागांचे फोटो, आधार आणि रेशन कार्ड. शिवाय एका कागदावर: तापाचा पहिला दिवस, शेवटची लघवी कधी, काय काय गोळ्या दिल्या.

दात्यांचीही सोय लागू शकते. साध्या पिशवीत एका दात्याच्या प्लेटलेट असतात, जेमतेम 50 मिली, आणि त्यानं आकडा पाच ते दहा हजारांनी चढतो. एसडीपी म्हणजे यंत्रातून एकाच दात्याकडून काढलेल्या. त्यानं तीस ते पन्नास हजार चढतो, खर्चही बराच जास्त. एसडीपीचा दाता पन्नास किलोच्या वरचा, तीन दिवसांत ॲस्पिरिन न घेतलेला, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असलेला आणि तास-दीड तास बसायची तयारी असलेला हवा. पण डेंग्यूत रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा चढवत नाहीत, असंच राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. चाळीस हजारांवर "लावाच" म्हणून डॉक्टरांच्या मागं लागू नका. चढवलेल्या प्लेटलेट अशा वेळी फार टिकत नाहीत, आणि अंगावर पुरळ, थंडी, सूज येण्याचा धोका फुकट पत्करावा लागतो.

घरी आल्यावर आकडा पन्नास हजारांच्या खाली असेपर्यंत मऊ ब्रश, वस्तरा नको, दुचाकी नको, जड ओझं नको, संडासला जोर करू नका. दात काढायचा असेल तर आधी सीबीसी दाखवा, पन्नास हजारांच्या खाली दंतवैद्य हात लावणार नाहीत. आठवड्यानं एकदा तपासून दीड लाख पार झाला की शेतावर, कामावर जायला हरकत नाही. आणि नळ रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेलं पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात आणि पिंप पुन्हा भरलं की फुटतात.